दरबार मावळला, सरकार उगवायचे होते : खाशाबा जाधवांची कारकीर्द

१/ खाशाबा दादासाहेब जाधव हे नाव महाराष्ट्रातील बहुतेकांना शाळेतच भेटते. हेलसिंकी, १९५२, कुस्ती, ब्राँझपदक आणि बैलगाड्यांची मिरवणूक, एवढे लक्षात राहते आणि कथा तिथेच थांबते. परंतु मल्लाची कारकीर्द पदकापुरती नसते. तिला खुराक लागतो, वस्ताद लागतो, प्रवासखर्च लागतो; आणि अंग थकल्यावर पोटाची सोय लागते.

२/ म्हणून या धाग्याचा प्रश्न एकच आहे : मल्लाचा भार उचलायचा कुणी? खाशाबांच्या आयुष्यात या प्रश्नाचे उत्तर तीनदा बदलले. प्रथम संस्थानिक, मग गावकरी आणि एक प्राचार्य, शेवटी पोलीस खाते. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकांत भारतीय खेळाडूचे जगणे कसे बदलले, हे या एका माणसाच्या वाटचालीतून जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

३/ आधी एक दुरुस्ती. ‘ऑलिंपिक पदक जिंकणारे पहिले भारतीय’ असे खाशाबांचे वर्णन अनेकदा केले जाते. ते अचूक नाही. १९०० च्या पॅरिस स्पर्धेत कोलकात्यात जन्मलेल्या नॉर्मन प्रिचर्ड यांनी धावण्याच्या शर्यतींत दोन रौप्यपदके मिळवली होती आणि ती भारताच्या खात्यावर नोंदली जातात. हॉकी संघ तर १९२८ पासून सुवर्णपदके आणत होता. खाशाबांचा मान वेगळा आहे : स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांचे. हा मानही थोडा नव्हे.

४/ कुस्ती हा महागडा खेळ आहे, हे पटकन ध्यानात येत नाही. कारण लंगोट आणि माती यांना काय पैसे पडतात? खर्च असतो तो खुराकाचा. दूध, तूप, बदाम, मांस यांचा रोजचा रतीब लागतो. पहाटेचे जोर-बैठका, दुपारची विश्रांती आणि संध्याकाळची लढत यांत दिवस सरतो. असा माणूस शेतात राबू शकत नाही आणि दुकानही चालवू शकत नाही. त्याला कुणीतरी पोसावेच लागते.

५/ दक्षिण महाराष्ट्रात हे काम पिढ्यान्‌पिढ्या दरबाराने केले. कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज (कारकीर्द १८९४ ते १९२२) यांनी तालमींना आश्रय दिला, उत्तरेकडील नामांकित मल्लांना कोल्हापुरात आणले आणि खासबागेचे कुस्ती मैदान उभारले. १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या या मैदानात मधला हौदा कोणत्याही बाजूने, कुणाच्याही डोक्याआड न जाता दिसावा, अशी बैठकांची रचना आहे. कुस्ती ही तेथे राजाश्रयाची आणि लोकाश्रयाची अशी दुहेरी कला होती.

६/ पैलवानाची मिळकतही दुहेरी असे. दरबारी मल्लाला नेमणूक मिळे. बाकीच्यांना गावोगावच्या जत्रांतील इनामाच्या कुस्त्यांचा आधार. लहान मुलांची नारळाची कुस्ती, मग काही आण्यांची, मग रुपयांची आणि अखेरीस मोठ्या जोडीची, असा चढता क्रम असे. आज ज्याला व्यावसायिक खेळ म्हणतात त्याचे हे देशी रूप होते. मात्र त्यात करार नव्हता आणि दुखापतीच्या दिवसांचे वेतनही नव्हते.

७/ सगळा महाराष्ट्र कोल्हापूर नव्हता. वऱ्हाडाचा इतिहास निराळा. बार्शीटाकळीच्या जुन्या देवालयातील बाराव्या शतकातील शिलालेख तिथल्या मांडलिक राजांची आठवण देतो. पण विसाव्या शतकाच्या वऱ्हाडात पैलवानाला पोसणारा दरबार उरला नव्हता. १८५३ च्या तहाने हा प्रदेश निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. सत्ता होती ती साहेबांच्या कचेरीत, आणि कचेरी कुस्तीला नेमणूक देत नसे.

८/ त्यामुळे वऱ्हाडाने दुसरी वाट धरली. १९१४ मध्ये अंबादास आणि अनंत या वैद्य बंधूंनी अमरावतीत आखाडा सुरू केला. त्यातूनच श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. राजा नसला तरी संस्था उभी राहू शकते, हा त्याचा अर्थ. १९३६ मध्ये याच मंडळाच्या चमूने ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिन गाठून तेथे भारतीय खेळांची आणि व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. कबड्डीची जगाला झालेली ही ओळख होती.

९/ दरबार आणि संस्था अशी ही दोन प्रतिमाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे. दरबार एका मल्लाला उचलून धरतो. परंतु राजा बदलला किंवा राज्य गेले की आधार संपतो. संस्था हळू वाढते, मोठी बक्षिसे देऊ शकत नाही. पण ती माणसांहून दीर्घायुषी असते. खाशाबांची कारकीर्द बरोबर त्या क्षणी घडली, जेव्हा दरबार संपत होता आणि त्याची जागा घेणारी संस्था अजून जन्मली नव्हती.

१०/ खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच तालीम असल्यासारखी परिस्थिती होती, त्यामुळे मातीची सवय चालायला शिकता शिकताच लागली. शालेय शिक्षण कराडच्या टिळक हायस्कुलात झाले. पुढे बाबूराव बलवडे आणि बेलापुरे गुरुजी यांचे मार्गदर्शन त्यांना लाभले.

११/ त्यांचे शरीर भव्य नव्हते. मैदानात उतरलेला हा किरकोळ अंगाचा मल्ल पाहून प्रतिस्पर्धी निर्धास्त होत असावेत. पण ताकदीपेक्षा चपळाई आणि डावपेच यांवर त्यांची भिस्त होती. ‘ढाक’ हा त्यांचा हुकमी डाव : प्रतिस्पर्ध्याची मान काखेत पकडायची, कमरेचा टेकू द्यायचा आणि त्याला स्वतःच्या अंगावरून फिरवून खाली आणायचे. हा डाव बसला की समोरच्याच्या वजनाचा त्यालाच उपयोग होत नाही.

१२/ उच्च शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. गोळेश्वर हे गाव इंग्रजी अमलातील सातारा जिल्ह्यातले. कोल्हापूर हे संस्थान. विद्यार्थी म्हणून सीमा ओलांडताच खाशाबा एका मोठ्या कुस्तीपरंपरेच्या अंगणात आले. भोवती तालमी, खासबागेचे मैदान, आणि वर गुणी मल्लाची कदर करणारे राजघराणे.

१३/ १९४८ ची लंडन ऑलिंपिक स्पर्धा ही स्वतंत्र भारताची पहिली. तिथे जाण्याचा खाशाबांचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. शतकानुशतके चालत आलेल्या राजाश्रयाचे हे जवळजवळ अखेरचे दर्शन. त्या क्षणी मात्र हे अखेरचे आहे याची जाणीव फार थोड्यांना असेल.

१४/ लंडनमध्ये खाशाबांसमोर उभी राहिली ती मॅट. मातीवरच्या कुस्तीत पायाची बोटे मातीत रुतवून जोर लावता येतो. मॅटवर पाय घसरतो किंवा अडखळतो. मातीत कुस्ती निकाली होईपर्यंत तास तास चालू शकते आणि पाठ टेकली की खेळ संपला. मॅटवर घड्याळ असते, पंच असतात आणि चीत न करताही निकाल लागतो. म्हणजे बालपणापासून पाठ झालेली शरीराची भाषा ऐन परीक्षेच्या वेळी बदलावी लागली.

१५/ त्यांना तिथे मार्गदर्शन केले ते रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाने. फ्लायवेट म्हणजे ५२ किलो वजनगटात खाशाबांनी ऑस्ट्रेलियाचा बर्ट हॅरिस आणि अमेरिकेचा बिली जर्निगन यांना हरवले. इराणच्या मन्सूर रईसीकडून मात्र त्यांना हार पत्करावी लागली. अखेर सहावे स्थान मिळाले. ज्या पृष्ठभागाशी त्यांचा पुरेसा परिचयही नव्हता, त्यावर हे स्थान कमी नव्हते.

१६/ येथे एक जुना दुवा जोडण्यासारखा आहे. १९२० च्या अँटवर्प स्पर्धेत सर दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या लहानशा भारतीय पथकात कुमार नवले आणि रणधीर शिंदे हे दोन मल्ल होते. शिंदे त्यांच्या वजनगटात चौथे आले. पदक अगदी हाताशी येऊन निसटले. म्हणजे मराठी मातीतला मल्ल जागतिक स्पर्धेत टिकतो, हे १९४८ च्या २८ वर्षे आधीच सिद्ध झाले होते. उणीव अंगातल्या बळाची नव्हती; उणीव होती ती सराव, मॅट, प्रशिक्षण आणि पैसा यांची.

१७/ लंडनहून परतल्यावर खाशाबांनी पुढची चार वर्षे मॅटच्या कुस्तीचे तंत्र आत्मसात करण्यात घालवली. वजनगटही वाढला : फ्लायवेटऐवजी बँटमवेट, म्हणजे ५७ किलो. मल्लाच्या दृष्टीने हा फरक मोठा असतो. पाच किलो अधिक वजनाचे, अधिक ताकदीचे प्रतिस्पर्धी समोर येतात आणि जुन्या डावांची धार नव्याने लावावी लागते.

१८/ याच चार वर्षांत त्यांच्या पायाखालची राजकीय जमीनही बदलली. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. लोकशाहीच्या दृष्टीने हे योग्यच होते, आणि कोल्हापूरच्या प्रजेनेही जबाबदार राज्यपद्धतीसाठी चळवळ केली होती. पण दरबाराबरोबर दरबाराची तिजोरीही गेली. तालमींचे पालकत्व आपोआप कुणाकडे गेले नाही. नव्या राज्यापुढे निर्वासित, धान्यटंचाई, पाटबंधारे असे डोंगराएवढे प्रश्न होते. त्यांत मल्लाचा खुराक कोण मोजणार?

१९/ १९५२ च्या निवडीतच पहिला अडथळा आला. मद्रास येथील स्पर्धेत आपल्याला हेतुतः एक गुण कमी देण्यात आला आणि त्यामुळे निवड हुकली, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी त्यांना निवड चाचणीत उतरण्याची संधी मिळवून दिली आणि खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चीत करून आपली जागा पक्की केली.

२०/ या प्रसंगाचा बारकावा पाहण्याजोगा आहे. संस्थाने विलीन झाली होती, तरीही खेळाडूला न्याय मागायला जावे लागले ते एका माजी संस्थानिकाकडेच. क्रीडासंघटना होत्या, पण तक्रार ऐकणारी, नियम दाखवून निर्णय देणारी यंत्रणा खेळाडूच्या आवाक्यात नव्हती. राजे गेले तरी राजेशाहीची सवय जायला वेळ लागतो, हे येथे दिसते.

२१/ निवड झाली. आता हेलसिंकीला जायचे कसे? सरकारी मदतीवर भागण्यासारखे नव्हते. गावोगाव वर्गणी सुरू झाली. कराड-गोळेश्वर परिसरातल्या लोकांनी आणि दुकानदारांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे हातभार लावला. तरीही मोठी रक्कम कमी पडत होती. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले बाळासाहेब खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि ७,००० रुपये उभे केले.

२२/ त्या काळातील ७,००० रुपये म्हणजे मध्यमवर्गीय शिक्षकासाठी कित्येक वर्षांची मिळकत. कुस्ती हरली असती, पाय मोडला असता, तर घर गेले असते. १९४८ मध्ये जो खर्च एका राजाने केला, तोच चार वर्षांनी एका शिक्षकाच्या छपरावर येऊन पडला. संस्थान आणि प्रजासत्ताक यांच्यामधली पोकळी किती खोल होती, हे मोजायला याहून नेमके माप सापडत नाही.

२३/ हेलसिंकीतील मुक्त शैलीच्या कुस्तीचा निकाल कसा लागत असे, हे समजून घेतल्याशिवाय खाशाबांची कामगिरी कळत नाही. तीन पंच मते देत. ‘२-१’ म्हणजे दोन पंच एका बाजूने आणि एक दुसऱ्या बाजूने. ते डावांचे गुण नव्हेत. प्रत्येक लढतीनंतर दोषगुण मिळत : चीत करून जिंकल्यास शून्य, पंचांच्या मतांवर जिंकल्यास एक, आणि हरल्यास त्याहून अधिक. दोषगुणांची मर्यादा ओलांडली की मल्ल बाद. म्हणून नुसते जिंकणे पुरेसे नसे. चीत करणे फायद्याचे असे.

२४/ मातीत वाढलेल्या मल्लाला हे गणित मानवणारे होते, कारण ‘पाठ टेकवणे’ हाच त्याचा धर्म. खाशाबांनी कॅनडाच्या एड्रियन पोलिक्विनला चीत केले. मेक्सिकोच्या लिओनार्दो बासुर्तोलाही चीत केले. पश्चिम जर्मनीच्या फर्डिनांड श्मिट्झवर त्यांनी २-१ अशी मात केली. या तीन कुस्त्यांतून त्यांच्या खात्यावर दोषगुण जमला तो अवघा एक.

२५/ आता समोर होते ते त्या गटातील दोन सर्वांत बलाढ्य मल्ल : जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत संघाचा रशीद ममदबेयोव. इशीविरुद्धची लढत दीर्घ आणि दमवणारी झाली आणि खाशाबा ती हरले. त्यानंतर पुरेशी विश्रांती न देता त्यांना लगेच ममदबेयोवसमोर उभे राहण्यास सांगण्यात आले, असे भारतीय बाजूने नेहमी सांगितले जाते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाचा अवधी नियमाने मिळायला हवा होता. पण तो मागण्यासाठी भारतीय पथकाचा अधिकारी जागेवर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती ३-० अशी गमावून बसले.

२६/ इशीला सुवर्ण, ममदबेयोवला रौप्य, खाशाबांना ब्राँझ. तारीख २३ जुलै १९५२. इशीचे पदक हे त्या स्पर्धेतील जपानचे एकमेव सुवर्ण होते; म्हणजे खाशाबा हरले ते कुणा सामान्य मल्लाकडून नव्हे. अर्धा तास मिळाला असता तर काय झाले असते, याचे उत्तर इतिहास देऊ शकत नाही. मात्र मल्लाबरोबर नियम जाणणारा माणूस असणे हाही खेळाचाच भाग आहे, एवढे त्यावरून कळते.

२७/ याच स्पर्धेतील आणखी एक नाव सहसा विसरले जाते. केशव मानगावे हेही कोल्हापूरच्या मातीतले मल्ल. फेदरवेट गटात ते चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले. एकाच स्पर्धेत, लागोपाठच्या दोन वजनगटांत, एकाच परंपरेतील दोन मल्ल तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकावर. म्हणजे खाशाबांचे यश हा एखादा चमत्कार नव्हता. तालमींच्या अनेक पिढ्यांनी साठवलेल्या कौशल्याचे ते फळ होते.

२८/ दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, भारतीय हॉकी संघाने नेदरलँड्सला ६-१ असे नमवून सुवर्ण जिंकले. त्यातले पाच गोल एकट्या बलबीर सिंग यांचे. देशाचा जयजयकार हॉकीकडे वळला, हे स्वाभाविकच. खाशाबांचा खरा सत्कार झाला तो त्यांच्या मुलखात. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सरकारी सोहळ्याची वाट न पाहता गावाने आपला माणूस डोक्यावर घेतला.

२९/ पण मिरवणूक संपल्यावर गहाण घर होतेच. खाशाबांनी पुढे कुस्त्यांची मैदाने घेऊन पैसा जमवला आणि खर्डेकरांचे घर सोडवले, असे सांगितले जाते. ऑलिंपिक पदकविजेता स्वदेशी परततो आणि गुरूचे कर्ज फेडण्यासाठी पुन्हा इनामाच्या मैदानात उतरतो, हे चित्र एकाच वेळी अभिमानाचे आणि लाजेचे आहे. अभिमान माणसांचा, लाज व्यवस्थेची.

३०/ १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. या नोकरीकडे नुसता उदरनिर्वाह म्हणून पाहणे पुरेसे नाही. विलीनीकरणानंतर पोलीस, सैन्य आणि रेल्वे ही खाती खेळाडूंचे नवे आश्रयदाते बनत होती. दरमहा पगार, सरावाला थोडा वेळ आणि खात्यांतर्गत स्पर्धा मिळू लागल्या. दरबारी नेमणुकीची जागा सरकारी हुद्द्याने घेतली. खाशाबा पोलीस स्पर्धांत लढले आणि क्रीडाशिक्षक म्हणूनही त्यांनी काम केले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकला मात्र ते नव्हते.

३१/ दरम्यान कुस्तीची नवी रचना आकार घेत होती. १९५९ मध्ये पहिली हिंदकेसरी स्पर्धा झाली आणि कोल्हापूरच्या तालमीत घडलेले श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी ठरले. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. त्याच वर्षी अर्जुन पुरस्कार आणि पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था अस्तित्वात आली. खाशाबांना हवी होती ती साधने देशाने उभारायला घेतली. पण ती आली खाशाबांचे उमेदीचे वय सरल्यानंतर.

३२/ हे केवळ भारतात घडत होते असे नाही. त्याच वर्षांत अमेरिकेत अंगाला अंग भिडवणारा दुसरा एक खेळ, अमेरिकन फुटबॉल, व्यवसाय म्हणून स्थिरावत होता. त्यात आघाडीच्या ओळीत उभे राहून समोरच्याला थोपवणारे खेळाडू सर्वाधिक मार खात आणि सर्वांत कमी प्रसिद्धी मिळवत. बिल विलिस हा त्यांपैकीच एक. १९४६ मध्ये क्लीव्हलँड ब्राऊन्स संघात आलेला हा कृष्णवर्णीय खेळाडू. व्यावसायिक फुटबॉलमधील वर्णबंदी त्या वर्षी ज्या चौघांनी मोडली, त्यांत त्याची गणना होते.

३३/ विलिसची कारकीर्द १९५३ मध्ये संपली आणि त्यानेही सार्वजनिक सेवेत नोकरी धरली : क्लीव्हलँड शहराच्या क्रीडा-मनोरंजन विभागात, नंतर ओहायो राज्याच्या युवक आयोगात. श्रीमंत अमेरिकेतही त्या पिढीच्या खेळाडूला उरलेले आयुष्य दुसऱ्या कामावर काढावे लागे. १९५६ मध्ये तिथल्या खेळाडूंनी आपली संघटना बांधली. पहिल्या मागण्यांत किमान वेतन आणि दुखापतीच्या काळातील पगार होता. आपल्या पैलवानांच्या जत्रेतल्या मिळकतीत ज्या दोन गोष्टी नव्हत्या, नेमक्या त्याच.

३४/ दोघांत फरक पडला तो पुढे. विलिसला १९७७ मध्ये फुटबॉलच्या सन्मानदालनात स्थान मिळाले आणि त्यानंतर तो तीस वर्षे जगला. खाशाबा पाव शतकाहून अधिक काळ पोलीस सेवेत राहून साहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. पण निवृत्तिवेतनासाठी त्यांना झगडावे लागले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेच्या मशाल दौडीत ते सहभागी झाले होते. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचा अंत झाला.

३५/ आता १९८४ या वर्षाकडे पाहावे. याच वर्षी भारतीय क्रीडा प्राधिकरणाची स्थापना झाली आणि याच वर्षी देशाचे पहिले राष्ट्रीय क्रीडा धोरण आले. गुणवंत खेळाडूंना निवृत्तिवेतन देणारी केंद्रीय योजना १९९४ ची. म्हणजे १९४९ मध्ये दरबार संपला आणि त्याची जागा घेणारी सुसूत्र सरकारी रचना पस्तीस वर्षांनी आकाराला आली. खाशाबांचे उमेदीचे आणि उतारवयाचे सगळे आयुष्य या पस्तीस वर्षांत मावले.

३६/ मानसन्मान आले ते मृत्यूनंतर. महाराष्ट्राचा शिवछत्रपती पुरस्कार १९९० च्या दशकात, अर्जुन पुरस्कार २००० सालचा. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेतील दिल्लीच्या कुस्ती संकुलाला त्यांचे नाव मिळाले. त्यांचा जन्मदिवस, १५ जानेवारी, आज महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. आणि त्यांच्यानंतर भारताला दुसरे वैयक्तिक पदक मिळायला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, ४४ वर्षे थांबावे लागले. कुस्तीत तर २००८ उजाडले.

३७/ ही ४४ वर्षे ‘आपल्यात गुणवत्ता नव्हती’ असे सांगत नाहीत. शिंदे १९२० मध्ये चौथे, मानगावे १९५२ मध्ये चौथे, खाशाबा तिसरे : गुणवत्ता सलग दिसते. खंड पडला तो आश्रयात. दरबाराने मल्ल घडवले, पण मल्लांच्या हाती कोणताही हक्क ठेवला नाही. राजा प्रसन्न असेल तोवरच ती सोय. लोकशाहीने हक्काची भाषा आणली, पण ती मल्लाच्या ताटापर्यंत पोहोचायला दोन पिढ्या लागल्या.

३८/ वऱ्हाडाची वाट येथे पुन्हा आठवते. अमरावतीच्या मंडळाने राजाची वाट पाहिली नाही, म्हणून राजे गेल्याने ते कोसळलेही नाही. शंभर वर्षे ओलांडून ते आजही शारीरिक शिक्षण देत आहे. याउलट, अशी रुजलेली संस्था १९५२ मध्ये खाशाबांच्या पाठीशी असती, तर एका प्राचार्याचे घर गहाण पडले नसते आणि कदाचित हेलसिंकीच्या आखाड्याशेजारी अर्धा तास मागणारा कुणीतरी उभा असता.

३९/ खेळाचा इतिहास वाचताना पदकांची यादी हाताशी असतेच. तिच्या शेजारी दुसरी यादी ठेवण्याची सवय तरुण अभ्यासकांनी लावून घ्यावी : प्रवासाचे पैसे कुणी दिले, खुराक कुणी पुरवला, खेळ संपल्यावर नोकरी कुणी दिली, निवृत्तिवेतन केव्हा सुरू झाले. बार्शीटाकळी असो की कराड, गावातल्या जुन्या तालमीच्या वर्गणीच्या वह्यांत आणि वृद्ध पैलवानांच्या आठवणींत ही यादी अजून सापडू शकते. ती माणसे आहेत तोवर ती लिहून घेणे, हे काम आजच्या पिढीचे आहे.